सात नंबरचं खरं वय

२ मार्च

आजपासून नवी वही. जुन्या वहीत अकरा पानं शिल्लक आहेत, पण हा विषय रूळतपासणीच्या रोजच्या नोंदींत मिसळलेला मला चालणार नाही.

सकाळी डेपोच्या फळ्यावर कंपनीचा कागद लागला. सात नंबरचा ट्राममार्ग वर्षअखेरीस बंद. रस्ता रुंद करायचा, ट्रामच्या जागी बस. मार्गाची लांबी कागदात 'सुमारे साडेआठ किलोमीटर' अशी दिली आहे. ती आठ हजार चारशे सोळा मीटर आहे. मी रोज पायी चालतो, मला माहीत आहे. जे बंद करायला निघालात ते केवढं आहे हे तरी मोजा, म्हणावं.

पण एक नियम आड येतो. शंभर वर्षं पूर्ण झालेला मार्ग कंपनीला आपल्या मर्जीने बंद करता येत नाही, नगरसभेचं मत घ्यावं लागतं, आणि ते मत मिळणार नाही हे कंपनीलाही ठाऊक आहे. म्हणजे सगळं आलं वयावर. कंपनीच्या छापील माहितीत सात नंबर सुरू झाल्याची तारीख १७ नोव्हेंबर २७ आहे. त्या हिशेबाने शंभरी तीन वर्षांहून जास्त लांब. पण ती तारीख चूक आहे हे मी नऊ वर्षांपूर्वी सिद्ध केलं आहे.

तेव्हा सूतगिरणीच्या वळणावर रस्ता उखडला होता. रुळाच्या पोटावर कारखान्याचा उठावाचा शिक्का असतो. गाडलेल्या रुळाचं पोट कोण बघतो? मी बघितलं. २३ आणि पुढे नऊ उभ्या रेघा, म्हणजे साल तेवीस, महिना नववा. रूळ घडवून कोणी मुरत ठेवत नाही, चार-पाच महिन्यांत टाकतात. म्हणजे मार्ग चोवीसच्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि शंभरी गेल्याच महिन्यात भरली. वर्तमानपत्रात अर्ध्या पानावर छापून आलं होतं, माझ्या फोटोसह. फोटोतली मोजपट्टी उलटी धरलेली दिसते, ती छापणाऱ्याची चूक.

डेपोत मला 'मिलिमीटर' म्हणतात. आज कोणी म्हणालं नाही. मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, सात नंबरवरच ड्रायव्हर आहे आणि युनियनचा सेक्रेटरीही. तो म्हणाला, "भाऊजी, एकशे एक्केचाळीस माणसांची पोटं तुमच्या त्या नऊ रेघांवर आहेत." आणि त्याने मला मिठी मारली. सव्वीस वर्षांच्या नात्यात पहिल्यांदा. कारण कळलं नाही. नोंद करून ठेवतो.

वयाचा निवाडा नगरसभेची समिती करणार. सुनावणी १४ जूनला.

९ मार्च

समितीने पडताळणीसाठी विद्यापीठातली एक बाई नेमली आहे. इतिहासाची डॉक्टर. ड्रायव्हर लोकांनी लगेच विचारून घेतलं, गुडघा दुखतो त्याला काही देता का. ती हसली आणि म्हणाली, "माझे सगळे पेशंट मेलेले असतात." हुशार आहे. हुशार माणसाकडे लक्ष ठेवावं लागतं.

माझ्या मोजणीच्या वह्या मागितल्या. मी मूळ दिल्या नाहीत, नकला दिल्या. प्रत्येक नकलेत कोपऱ्यात छोटं टिंब काढून ठेवलं आहे. उद्या तिच्या नावाने कुठे छापलं गेलं तर टिंब बोलेल.

हिला हे सांगितलं. ही म्हणाली, "छापताना टिंब कसं छापलं जाईल?" याचा विचार झाला नव्हता.

१७ मार्च

बाईंबरोबर पूर्ण मार्ग चाललो. बूट बरे घालून आल्या होत्या, ही एक जमेची बाजू. मी सगळं सांगत गेलो. आधी एकेरी मार्ग, मध्ये एकच बगल, जिथे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देत. अडतिसात मार्ग इस्पितळापर्यंत वाढला. बेचाळिसात दुहेरी झाला. चौकाला वळसा का, तर कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरने खडखडाटात हात हलतो म्हणून तक्रार केली होती आणि त्याचा सासरा नगरसभेत होता. शहराला साठ मीटर जास्तीचा रूळ एका दाढेपायी पडला.

सूतगिरणीच्या वळणावर पुन्हा खोदकाम काढलं आहे. बाई चक्क रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या आणि रुळांच्या टोकांची भोकं मोजू लागल्या. दोन रूळ जोडताना टोकांना पट्टी लावून बोल्ट कसतात, त्यासाठीची भोकं.

"प्रत्येक टोकाला दोन हवीत ना?"

"दोन."

"इथे चार आहेत."

"दोन कामाची, दोन रिकामी," मी म्हणालो. "माझ्या वहीत आहे, पान बावन्न. कारखान्याची चूक."

"सगळ्याच रुळांना एकच चूक?"

हे विचारताना त्या माझ्याकडे बघत होत्या, भोकांकडे नाही. आवाज मऊ होता. मला असला मऊ आवाज आवडत नाही, साहेब लोक पगारवाढ नाकारताना काढतात. मी सांगितलं, "बाई, कारखाना आहे तो. एकदा चुकला की दिवसभर तेच चुकत राहतो." त्यांनी वहीत काही लिहिलं आणि वही माझ्याकडून वळवून धरली.

काय लिहिलं असेल? माझा शोध खोडायला कंपनी भोकं वापरणार, असा वास येतो.

२६ मार्च

रेकॉर्डरूममध्ये जायला नऊ वर्षं अर्ज करत होतो. समितीमुळे आज परवानगी मिळाली. तिथल्या कारकुनाला सगळे चष्मा म्हणतात. मी म्हणालो, "सात नंबरची रूळ-आवक वही द्या. कोणता रूळ कधी आला ते तिच्यात असणार. माझ्या तारखेवर शिक्कामोर्तब होऊन जाईल."

चष्म्याने चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता तो. म्हणाला, "नाही सापडत."

मी कपाट बघितलं. सहा आणि आठ नंबरच्या वह्यांच्या मध्ये साडेचार सेंटिमीटरची फट, आणि फळीवर तेवढ्याच जागी धूळ नाही. म्हणजे वही होती, आणि नुकतीच उचलली गेली.

"कोणी नेली?"

"मिलिमीटरसाहेब, मी काय जन्मभर फळीकडे बघत बसतो का?"

तो खोटं बोलत होता, कारण तो जन्मभर तेच करत आला आहे. आल्या-गेल्याच्या नोंदवहीत गेल्या महिन्याभरात बाहेरचं एकच नाव, बाईंचं. दोनदा. चित्र स्पष्ट आहे. माझा सज्जड पुरावा बाईंनी उचलला आणि चष्म्याचं तोंड बंद केलं.

३१ मार्च

ऊन वाढलं. जाड ब्लँकेटं पेटीत ठेवून द्यावीत म्हणून मी माळ्यावरून पेटी काढायला स्टूल घेतलं. ही स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली. "राहू द्या, मी बघते." मी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. "तुमची पाठ," ही म्हणाली. माझ्या पाठीला काही झालेलं नाही. ब्लँकेटं खुर्चीवर पडून आहेत. घरात अव्यवस्था मला सोसत नाही, पण सध्या बाहेरची लढाई महत्त्वाची.

६ एप्रिल

मेहुणा जेवायला आला. जेवताना कमी बोलला, हा स्वतःच पुरावा आहे. हात धुताना म्हणाला, "भाऊजी, आता आणखी पुरावे कशाला हुडकताय? शिक्का आहे, तुमचं छापून आलेलं आहे. झालं की."

"वही सापडली तर कंपनीचं तोंडच बंद होईल."

"रूळ कसे असतात, भाऊजी? अर्धे जमिनीत. म्हणून गाडी चालते. सगळेच वर काढलेत तर काय होईल?"

हा माणूस आयुष्यात कधी दृष्टांत देऊन बोललेला नाही. कोणीतरी पढवलं आहे. निघताना दारात तो आणि ही हळू आवाजात बोलत होती. मला एवढंच ऐकू आलं, "तिथेच आहे ना?" आणि हिचं, "तिथेच. तू काळजी करू नको."

कंपनीने त्याला निरीक्षकाची जागा देऊ केली असेल का? सख्खा मेहुणा. हिला विचारलं, दारात काय चाललं होतं. "आईच्या औषधाचं," ही म्हणाली. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. मी हिला तसं म्हणालो. ही म्हणाली, "त्याच्या सासूचं हो," आणि भांडी आपटायला लागली. हिच्यावर मला संशय नाही. ही फक्त भावाच्या मायेत आंधळी आहे.

२० एप्रिल

सुटीचा दिवस. युनियनच्या कचेरीसमोरच्या चहाच्या दुकानात सकाळी नऊ पाचला जाऊन बसलो, पेपर उघडून. नऊ चाळीसला बाई आल्या आणि आत गेल्या. काचेतून दिसत होतं. मेहुण्याने हात जोडले. बाईंनी मान हलवली. तो उभा राहिला, पुन्हा बसला. बावीस मिनिटं. बाहेर पडताना बाईंचा चेहरा असा होता, जणू त्यांना कोणी नको ते सामान सांभाळायला दिलं आहे.

तीन कप चहा झाला. चहा आणून देणारा पोरगा म्हणाला, "काका, एक तास झाला, पान तेच आहे." गुप्तपणे काम करायची मला सवय नाही.

कट पूर्ण उघडा पडला: बाई, मेहुणा, चष्मा. तिघांनी मिळून वही दाबली. कारण साधं आहे. एका सातवी शिकलेल्या रूळतपासनिसाने शहराचा इतिहास दुरुस्त केलेला कोणालाच पचत नाही.

४ मे

सरळ विद्यापीठात गेलो. बाईंची खोली लहान, कागद व्यवस्थित रचलेले. मी बसलो नाही. म्हणालो, "रूळ-आवक वही कुठे आहे?"

"बसा ना."

"चोराकडे बसत नाही."

त्या रागावल्या नाहीत, मला त्याचाच राग आला. म्हणाल्या, "मी नेलेली नाही. पण रेकॉर्डरूममध्ये मागितली, तेव्हा दुसऱ्या खेपेला ती मला बाहेरून आणून दाखवली. तुम्हीही पाहावी असं मी पहिल्या दिवसापासून म्हणते आहे. बाकीच्यांचं मत वेगळं पडलं."

"बाकीचे कोण?"

"ज्यांना तुम्ही चांगले ठाऊक आहात ते." मग म्हणाल्या, "तुमच्या मोजण्या मी शंभर ठिकाणी तपासल्या. एकही चूक नाही. हे मी अहवालात लिहिलं आहे, ते तुमच्या कानावर असावं. वही तुमच्या घरी आहे."

मी हसलो. माझ्या घरात काय कुठे आहे ते मला अंधारातही सांगता येतं.

ट्रामने परत येताना वळणापर्यंत मी हसतच होतो. वळणानंतर नाही. खुर्चीवरची ब्लँकेटं आठवली.

४ मे, पुढे चालू

ही इस्पितळाच्या धुलाईघरातून पाचला परत आली. मी माळ्याखाली उभा होतो. हिने पिशवी ठेवली, स्टूल ओढलं, पेटी स्वतः उतरवली, दोन चादरींच्या मधून वही काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "चहा ठेवते," आणि आत गेली.

पान एकतीस. शाई तपकिरी झाली आहे, अक्षर सुरेख. उतरवून घेतो.

'९ ऑगस्ट २७. बंदराच्या मालमार्गावरून काढलेले जुने रूळ, नग दोनशे बारा, सात नंबरसाठी आले. झीज थोडी. जुन्या भोकांचं अंतर आपल्या पट्ट्यांना जुळत नाही, प्रत्येक टोकाला दोन नवी पाडून घ्यावीत.'

जुने रूळ. तेवीस साली घडले, चार वर्षं बंदरावर मालगाड्यांखाली घासले आणि मग आमच्याकडे आले. कंपनीची तारीख बरोबर आहे. सतरा नोव्हेंबर सत्तावीस. चूक माझी. आणि ती ओळखायची खूण मी स्वतः मोजून, पान बावन्नवर, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवली होती, शेजारी शेरा मारून: कारखान्याची चूक.

चहा गार झाला. मी प्यायलो नाही. ही समोर बसून होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"फेब्रुवारीपासून. कागद लागणार याची कुणकुण आधीच होती. चष्म्याला ती सापडली, त्याने ह्याला दिली. हा घेऊन आला, म्हणाला, ताई, भाऊजी अख्खं शहर खणतील पण तुझ्या पेटीला हात लावायचे नाहीत."

"तू माझ्याशी खोटं बोललीस."

"पेटी काढू नका म्हणाले. त्यात खोटं काय?"

"पाठीचं."

"बरं, पाठीचं." मग म्हणाली, "तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला समितीच्या दारात असता. सातला ते उघडतं."

आठला उघडतं. पण मी बोललो नाही.

११ मे

सात दिवस हिच्याशी बोलणं नाही. गरजेपुरतं, चिठ्ठीवर. हिने एका चिठ्ठीवर माझं शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवली.

तपासणीला चालताना वळणापाशी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जातो.

१८ मे

मेहुण्याला डेपोमागे गाठलं. तो गाडीच्या पायरीवर डबा उघडून बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं, समितीला सगळं सांगणार आहे.

तो चावायचा थांबला. "सांगा. मग डेपोत येऊन एकशे एक्केचाळीस जणांना सांगा. मग घरी जाऊन ताईला सांगा, की धुलाईघरात जायला उद्यापासून दोन बस बदल. बसची यादी मी काढून ठेवली आहे, मिनिटांसकट. ही बघा, तुम्हाला आवडेल."

"चूक ती चूक."

"आयुष्यात कधी चुकला नाहीत ना तुम्ही? मग एकदा चुकलेले राहा की. तीन-साडेतीन वर्षं. तेवढ्यात मार्ग खरंच शंभराचा होतोय. मी काय जन्मभर म्हणतोय?"

"आणि ती बाई? तिला हात जोडून काय मागितलंस?"

"गप्प राहा म्हणालो. ती म्हणाली, समितीने मला एवढंच विचारलंय की शिक्का खरा आहे का. आहे. वहीचं विचारलं तर सांगेन, नाही विचारलं तर आपणहून सांगणार नाही." त्याने डब्याचं झाकण लावलं. "तुमच्यापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा आहे मला. राग मानू नका."

मानला.

२ जून

हिच्याशी बोललो. किंवा ही माझ्याशी बोलली. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "तुम्हाला नेमकं काय सलतंय? लपवणं, की चुकलेले निघणं?"

मी म्हणालो, लपवणं. एका क्षणात म्हणालो. तेव्हापासून त्या एका क्षणावरच संशय येतो आहे.

कारण हिशेब असा आहे. गप्प राहिलो तर मार्ग वाचतो, माणसं वाचतात. बरोबर. पण गप्प राहिलो तर माझं अर्धं पान, माझा फोटो, माझं नावही वाचतं. मग मी कोणासाठी गप्प, हे कसं सांगायचं? उलट, सगळं सांगून टाकलं तर मी खरा ठरतो, 'बघा, स्वतःचीच चूक स्वतः दाखवली, काय माणूस आहे!' आणि त्या शाबासकीची किंमत दुसऱ्यांनी भरायची. दोन्हीकडून मीच मोठा होतो. बाईंवर संशय घेतला, मेहुण्यावर घेतला, चष्म्यावर घेतला. खरा संशयित आरशासमोर दाढी करत होता.

हिला हे सगळं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "फार झालं. बटाटे सोला."

१४ जून

सुनावणी. सविस्तर लिहितो.

लांब टेबल, पाण्याचे सहा ग्लास, त्यातले दोन भरलेले. मध्ये अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. मागे आमची माणसं, गणवेश इस्त्री करून आलेली. ही तिसऱ्या रांगेत. अर्धी रजा काढून आली होती.

आधी बाईंना बोलावलं. अध्यक्षांनी विचारलं, शिक्का अस्सल आहे का, साल कोणतं? बाई म्हणाल्या, "अस्सल आहे. तेवीस, नववा महिना. यांच्या मोजण्यांत मला एकही चूक सापडली नाही." प्रत्येक शब्द खरा. बसताना त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

मग मी. कंपनीचा वकील तरुण होता, कागद खूप आणले होते. मला वाटलं, आता भोकं विचारणार. त्याने विचारलं, "आपलं शिक्षण?"

"सातवी."

"आणि हा आकडा म्हणजे साल, हे सातवीत शिकवतात?"

"नाही. ते रुळाखाली वाकल्यावर कळतं."

मागे हशा. तो तापला. म्हणाला, हा कारखान्याचा अनुक्रमांक असू शकतो. मी म्हणालो, "अनुक्रमांक असता तर प्रत्येक रुळावर वेगळा असता. मी हाच आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी ठिकाणी वाचला आहे. आणि रेघा बारापेक्षा जास्त कुठेच नाहीत. वर्षात महिने किती?" तो म्हणाला, नंतर कोणी कोरला असेल. मी म्हणालो, "कोरलेलं आत जातं. हे वर आलेलं आहे, लाटतानाच उठलेलं. हवं तर बोट फिरवून बघा, मी हातरुमाल देतो." तो चुकीच्या दारावर धडका मारत होता, मी प्रत्येक धडक परतवत होतो, आणि प्रत्येक वेळी मी बरोबर होतो. इतका बरोबर मी आयुष्यात कधी नव्हतो. शेजारचं दार सताड उघडं होतं. त्याला ते दिसलंच नाही, कारण रुळाला भोकं असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन शब्दांत दाखवता आलं असतं. माझी जीभ अक्षरशः वळवळत होती. चुकीचा प्रश्न विचारणाऱ्याला बरोबर प्रश्न सांगायची मला सवय आहे.

वकील बसला. अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?"

मागे मेहुणा खोकला नाही. कोणीच खोकलं नाही. हिच्याकडे मी पाहिलं नाही, पाहिलं असतं तर हिच्यावर ढकलता आलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

एवढाच एक शब्द. बाकी सगळं खरं होतं.

निकाल तासाभरात दिला. मार्गाचं वय शंभर पूर्ण मानण्यात येत आहे. कंपनीला आपल्या मर्जीने बंद करता येणार नाही.

१६ जून

डेपोत मला खांद्यावर घेतलं. वजन ब्याऐंशी किलो, त्यामुळे चार पावलांत उतरवलं. चष्माही आला होता, लांब उभा राहून चष्मा पुसत होता. मेहुण्याने सगळ्यांसमोर पाया पडायचा प्रयत्न केला. मी पाय मागे घेतला. त्याच्या कानात म्हणालो, "बसची यादी जपून ठेव. तुझे सहा मिनिटांचे दोन हिशेब चुकले आहेत." तो हसला, पण डोळे पुसले.

घरी आल्यावर ही म्हणाली, "आता ब्लँकेटं ठेवा पेटीत." ठेवली. मे महिन्यात परत पेटीत गेलेली वही बाहेर काढली.

वर्तमानपत्राचा माणूस येऊन गेला. पुन्हा अर्धं पान देणार म्हणाला. मी फोटो देणार नाही म्हणालो. त्याला तो माझा विनय वाटला.

२० जून

आज बाईंकडे गेलो. या वेळी त्यांनी सांगायच्या आधी बसलो. रूळ-आवक वही त्यांच्यापुढे ठेवली आणि माझं काम सांगितलं. ही वही आणि माझी ही रोजनिशी, दोन्ही एकत्र बांधून त्यांच्या कपाटात ठेवायच्या. १७ नोव्हेंबरला, ज्या दिवशी सात नंबर खरोखर शंभराचा होईल, उघडायच्या. आणि त्याच वर्तमानपत्रात, तेवढ्याच जागेत, माझी चूक छापायची. भोकांसकट, पान बावन्नसकट, त्या 'नाही'सकट. तोपर्यंत मार्गाचं कोणी काही वाकडं करू शकणार नाही, आणि त्यानंतर माझं काही सरळ राहायची गरज नाही.

बाईंनी वहीचं पान एकतीस उघडून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही मला चोर म्हणाला होतात."

"हो."

"आणि आता मलाच सांभाळायला देताय. मी आधी उघडली तर?"

"गाठ माझी आहे," मी म्हणालो. "उघडलीत तर मला कळेल."

त्या मोठ्याने हसल्या. मला हसण्यासारखं वाटलं नाही, पण हसू दिलं. निघताना त्यांनी विचारलं, यात तुमचं नाव जाईल, घरच्यांना चालेल का? मी सांगितलं, हिने वाचलं आहे. शेवटच्या पानाखाली हिने पेन्सिलीने लिहिलं, 'वाचले. पाठीचं मीही खोटं बोलले होते.' ते तसंच राहू दिलं आहे.

ही शेवटची नोंद त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहितो आहे. त्या दोरा शोधताहेत.

आजपासून १७ नोव्हेंबरपर्यंत एक हजार दोनशे पंचेचाळीस दिवस. मध्ये एकही लीप वर्षाचा दिवस येत नाही, दोनदा तपासलं. तेवढे दिवस मी रोज सकाळी वळणावरून चालणार, आणि कोणीतरी म्हणणार, शंभर वर्षांचा मार्ग आहे हो हा. मी मान हलवीन. कोणी पुढे विचारलं, तुम्हाला नक्की माहीत आहे ना, तर मी काय सांगेन याची मला खात्री नाही. ज्याची खात्री नाही ते मी आजवर लिहीत नव्हतो. हे एवढं लिहून ठेवतो.